टेलिफोनवाल्याची भाषा, दुकानदाराचा गल्ला

'चार एफएक्सओ, सोळा एफएक्सएस, एक एसआयपी ट्रंक, दहा चॅनल, शिवाय लीज्ड लाइन वन इज टू वन...' धंद्यासाठी टेलिफोन आणि इंटरनेट घ्यायला गेलं की असलं कोटेशन हातात पडतं. एरवी सोन्याचा कस नजरेनं ओळखणारा, कापडाचा पोत बोटांनी सांगणारा व्यापारीही इथे नुसती मान डोलावतो. "काय लागेल ते बसवून टाका," म्हणतो आणि सही ठोकतो. सहा महिन्यांनी कळतं, की गिऱ्हाइकाला फोन लागत नाही आणि ज्या वस्तूची गरजच नव्हती तिचं भाडं मात्र दरमहा बिनबोभाट चाललंय.

वास्तविक ही भाषा फारशी अवघड नाही. वीस-पंचवीस शब्द समजले की निम्मं कोटेशन समजतं. उरलेलं निम्मं विक्रेत्याला विचारता येतं, आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी सहसा टोपी घालत नाही. हे शब्द शिकायला कोलकात्याइतकं चांगलं शहर नाही, कारण आपल्या देशात तारेवरून बोलण्याचा आणि मजकूर पाठवण्याचा धंदा सुरू झाला तोच मुळी या शहरात.

आधी डेटा, मग आवाज

'डेटा' हा शब्द आपल्याला कॉम्प्युटरच्या जमान्यातला वाटतो. प्रत्यक्षात तारेवरून आधी गेला तो डेटाच. कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तिथल्या बोटॅनिकल गार्डन परिसरात तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली. तिच्यावरून काय जायचं? जहाजांच्या बातम्या! कुठलं जहाज आलं, कुठलं निघालं, हे गोदीतल्या व्यापाऱ्याला आधी कळलं तर त्याचा माल चार पैसे जास्त भावानं जाई. धंद्यासाठी डेटा पाठवणं म्हणतात ते हेच.

आवाज आला तो तीस वर्षांनी. २८ जानेवारी १८८२ रोजी कौन्सिल हाऊस स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या इमारतीत टेलिफोन एक्स्चेंज उघडलं. नाव 'सेंट्रल एक्स्चेंज', ग्राहक अवघे ९३. मुंबई आणि मद्रासलाही त्याच वर्षी एक्स्चेंज आलं. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला पहिला मोबाइल कॉल तो हाच. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पहिल्या काही शहरांत कोलकाता होतंच. एअरटेलनं एप्रिल २०१२ मध्ये देशातली पहिली फोर-जी सेवा सुरू केली तीही कोलकात्यातच.

तर क्रम असा: आधी डेटा, मग आवाज, मग दोन्ही वेगवेगळ्या तारांवरून. आणि आता? आता आवाजाचाच डेटा झालाय. कोटेशनमधले निम्मे शब्द जुन्या जगातले आहेत आणि निम्मे नव्या जगातले. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

बाहेरची लाइन, आतली लाइन

एक्स्चेंज म्हणजे तारांचा तिठा. शहरातला प्रत्येक फोन दुसऱ्या प्रत्येक फोनला तारेनं जोडायचा म्हटलं तर आकाश झाकून जाईल. म्हणून सगळ्या तारा एका ठिकाणी आणायच्या आणि तिथे हवी ती जोडी लावून द्यायची. सुरुवातीला हे काम माणसं करत. ते यंत्राकडे गेलं त्यामागे एका दुकानदाराचीच तक्रार होती, असं सांगतात. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा व्यवसाय करी. एक्स्चेंजमधली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा संशय. चिडून त्यानं ऑपरेटरविना चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. गिऱ्हाइकाचा फोन भलतीकडे गेला तर धंदा बुडतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

हेच एक्स्चेंज लहान करून ऑफिसात बसवलं की त्याला पीबीएक्स म्हणायचं, म्हणजे खासगी एक्स्चेंज. पुढे ते स्वयंचलित आणि इलेक्ट्रॉनिक झालं आणि त्याचं नाव लांबत लांबत 'ईपीएबीएक्स' झालं. आपल्याकडे त्याचा प्रसार व्हायला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचा मोठा हातभार लागला. तिनं १२८ पोर्टचं देशी बनावटीचं तंत्र विकसित करून भारतीय कारखान्यांना दिलं.

या डब्याला दोन बाजू असतात. टेलिफोन कंपनीकडून येणारी बाहेरची लाइन ती ट्रंक. टेबलाटेबलावर जाणारी आतली लाइन ते एक्स्टेन्शन. दहा टेबलांना दहा एक्स्टेन्शन द्यावी लागतात, पण दहा ट्रंक घ्याव्या लागत नाहीत, कारण दहाही जण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. पीबीएक्समुळे होणारी सगळी बचत या एका वाक्यात आहे.

आता कोटेशनमधली ती भीतिदायक अक्षरं. साध्या तारेची बाहेरची लाइन ज्या भोकात खुपसायची ते एफएक्सओ. साधा फोन ज्या भोकात खुपसायचा, जिथून त्याला वीज आणि रिंग मिळते, ते एफएक्सएस. 'चार एफएक्सओ, सोळा एफएक्सएस' याचा अर्थ चार बाहेरच्या लाइनी आणि सोळा टेबलं. बस्स, एवढंच!

किती लाइनी पुरतात?

खरा पैसा वाया जातो तो इथे. लाइनी जास्त घेतल्या तर भाडं फुकट, कमी घेतल्या तर गिऱ्हाईक फुकट.

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा त्यांचा व्यवसाय. समजा, त्यांच्यापैकी एकानं कोलकात्याच्या सोनेबाजारात दुकान थाटलंय. या धंद्यात फोनवर भाव ठरतो, आणि भाव मिनिटामिनिटाला हलतो. एंगेज लागला की समोरचा सराफ वाट पाहत बसत नाही, पुढच्या दुकानाला फोन लावतो.

या दुकानाला तासाला दहा फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी सहा मिनिटं चालतो, असं धरू. म्हणजे तासात साठ मिनिटांचं बोलणं. साठ मिनिटांना एक लाइन पुरावी, असं साधा हिशेब सांगतो. पण फोन काही रांगेत उभे राहून येत नाहीत. कधी तिघं एकदम येतात, तर कधी पाव तास कोणीच नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाचं गणित मांडलं. त्यांच्याच नावानं तासाभराच्या सलग बोलण्याला 'एक एर्लांग' म्हणतात.

त्यांच्या सूत्रानुसार एक एर्लांगच्या वर्दळीला एकच लाइन असेल तर शंभरातल्या पन्नास जणांना एंगेज लागतो! दोन लाइनी घेतल्या तर वीस जणांना, तीन घेतल्या तर सहांना, चार घेतल्या तर एक-दोघांना. पाचवी घेऊन फारसा फायदा नाही. एंगेज लागलेला माणूस लगेच पुन्हा फोन लावत नाही, असं हे गणित धरून चालतं. सराफाच्या बाबतीत ते बरंच खरं आहे. तेव्हा विक्रेत्यानं "दादा, आठ लाइनी घेऊन टाका" म्हटलं, तर आधी दोन दिवस वही घेऊन बसावं. किती फोन आले, किती वेळ चालले, हे मांडावं आणि मग बोलावं.

लाइनी चार असल्या तरी पाटीवर नंबर एकच असावा. पहिली लाइन गुंतलेली असली तर कॉल आपोआप दुसरीवर, मग तिसरीवर जातो. याला हंटिंग म्हणतात. ही सोय चालू करून मागावी लागते. ती नसेल तर तीन लाइनी मोकळ्या असतानाही बाहेरच्याला एंगेज ऐकू येतो.

चौसष्टचा पाढा

तीस-चाळीस माणसांचं ऑफिस असेल तर सुट्या लाइनींऐवजी 'पीआरआय' सुचवली जाते. एकाच जोडणीवर ३० जण एकाच वेळी बोलू शकतात. ३० हा आकडा आला कुठून?

टेलिफोनवरचा आवाज अंकांत बदलायचा तर सेकंदाला ८,००० वेळा त्याचं माप घेतात. प्रत्येक माप आठ बिटांत लिहितात. आठ हजार गुणिले आठ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका संभाषणाला ही एवढी जागा लागते आणि तिलाच चॅनल म्हणतात. अशी ३० चॅनल बोलण्यासाठी, एक घड्याळ जुळवण्यासाठी आणि एक 'कोण कोणाला फोन लावतोय' या निरोपांसाठी. झाले ३२. बत्तीस गुणिले चौसष्ट म्हणजे २,०४८ किलोबिट, म्हणजे २ एमबीपीएसच्या जरा वर. या जोडणीला ई-वन म्हणतात. अमेरिकेत २४ चॅनलची टी-वन चालते. आपल्याकडे ई-वन.

पीआरआयबरोबर मिळणारी एक कामाची सोय म्हणजे डीआयडी. प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट लागणारा स्वतंत्र नंबर मिळतो. हिशेबनिसाला फोन करणाऱ्याला आधी रिसेप्शनची वाट पाहावी लागत नाही.

बिट, बाइट आणि बॉड

आता डेटाकडे. इथे सर्वात जास्त फसगत होते ती एका अक्षरानं. इंटरनेटचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचं वजन बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. '१० एमबीपीएस'च्या जोडणीवर १०० एमबीची फाइल दहा सेकंदांत येईल, असं वाटतं. प्रत्यक्षात लागतात किमान ऐंशी सेकंद. कंपनी खोटं बोलत नाही, पण आपण आठनं भागायला विसरतो.

बॉड हा शब्द एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्याच्या नावावरून आला. तारेवरचा संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो, ते बॉड. एका बदलात एकाहून जास्त बिट भरता येतात. २,४०० बॉडचा मोडेम सेकंदाला ९,६०० बिट पाठवायचा, तो असा. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचे अंक तारेला चालतील अशा संकेतांत बदलणारा आणि पलीकडे पुन्हा अंक करणारा दुभाषा.

बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी. साधं ब्रॉडबँड हा सामायिक रस्ता: संध्याकाळी सगळा मोहल्ला त्यावर उतरला की गाडी अडते. लीज्ड लाइन म्हणजे भाड्यानं घेतलेला स्वतःचा रस्ता. 'वन इज टू वन' याचा अर्थ तो दुसऱ्या कोणाबरोबर वाटला जात नाही आणि बहुतेक ठिकाणी जाण्याचा-येण्याचा वेगही सारखाच असतो. म्हणूनच तो महाग. ज्या दुकानात दिवसाला चार ई-मेल जातात, तिथे त्याची गरज नाही. मात्र चार सुरक्षा कॅमेऱ्यांचं चित्र दिवसरात्र बाहेर पाठवायचं असेल, तर 'अपलोड'चा वेग किती, हे आधी विचारावं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा 'डाउनलोड'चा.

ऑफिसच्या चार भिंतींतल्या जोडणीला लॅन म्हणतात आणि गावोगावच्या शाखा जोडणारीला वॅन. लॅनमधल्या यंत्रांना एकत्र जोडतो तो स्विच, आतलं जग बाहेरच्याला जोडतो तो राउटर. कोलकात्याचं दुकान आणि विट्याचं घर यांचे हिशेब एकत्र ठेवायचे असतील तर मधली तार भाड्यानं घ्यायला नको. सार्वजनिक इंटरनेटमधूनच कुलूपबंद बोळ काढता येतो. त्याला व्हीपीएन म्हणतात.

आवाजाचीही पुडकी

जुन्या टेलिफोनमध्ये दोघं बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली वाट त्यांच्यासाठी राखलेली असे, गप्प बसले तरी. इंटरनेटवर तसं नसतं. मजकुराची लहान लहान पुडकी बांधतात, प्रत्येकावर पत्ता लिहितात आणि सोडून देतात. ती मिळेल त्या वाटेनं जातात आणि पलीकडे क्रमानं लावली जातात. या पुडक्याला पॅकेट म्हणतात. आवाजाचीही अशीच पुडकी करून पाठवणं म्हणजे व्हीओआयपी. फोन लावणं, रिंग देणं, ठेवणं या निरोपांची जी ठरलेली बोली आहे ती एसआयपी. टेलिफोन कंपनीनं तांब्याच्या तारेऐवजी या बोलीतून दिलेली बाहेरची लाइन म्हणजे एसआयपी ट्रंक. आणि हे सगळं समजणारं ऑफिसातलं एक्स्चेंज म्हणजे आयपी-पीबीएक्स.

यात एक अडचण आहे. ई-मेलचं पुडकं अर्धा सेकंद उशिरा पोचलं तर कोणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं पोचलं तर "हॅलो... हॅलो..." सुरू होतं. या उशिराला लेटन्सी म्हणतात. एका बाजूनं जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. उशीर एकसारखा नसेल, कधी कमी कधी जास्त, तर आवाज तुटक येतो. तो जिटर. उपाय म्हणून राउटरला सांगतात, 'आवाजाच्या पुडक्यांना आधी वाट दे, मग बाकीच्यांना.' हा अग्रक्रम म्हणजे क्यूओएस. बसवणाऱ्यानं तो लावला नसेल, तर कारखान्यातल्या पोरानं सिनेमा उतरवायला घेतला की मालकाचा भावाचा फोन तुटलाच म्हणून समजा!

आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. नेहमीचा जी-७११ हा कोडेक पुडक्यांच्या वेष्टनासकट प्रत्येक बाजूला सुमारे ८० ते ९० केबीपीएस घेतो. म्हणजे एका वेळी दहा जण बोलणार असतील तर दोन्ही दिशांना साधारण १ एमबीपीएस राखून ठेवायचा.

वीज गेली, घर सुटलं

जुन्या तांब्याच्या फोनचा एक गुण आपण विसरलो. त्याला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा प्रवाह तारेतूनच येई. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. घरातला फायबरचा डबा, राउटर, आयपी फोन सगळ्यांना वीज हवी. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावर आलं तेव्हा शहराच्या अनेक भागांत काही दिवस वीज नव्हती, इंटरनेट आणि मोबाइलही कोलमडले होते. म्हणून आयपी-पीबीएक्स घेताना इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा खर्च त्यातच धरावा आणि दुसऱ्या कंपनीची एक पर्यायी जोडणी ठेवावी.

नव्या पद्धतीचा गुणही कोलकात्यानंच दाखवून दिला. ३१ ऑगस्ट २०१९ च्या सुमारास बौबाजारात मेट्रोचा बोगदा खणताना जमिनीखालचं पाणी घुसलं. दुर्गा पितुरी लेन, सेकरापाडा लेन भागात इमारतींना तडे गेले, काही कोसळल्या. सेकरा म्हणजे बंगालीत सोनार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या सोनारगल्ल्यांतून शेकडो माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. अशा वेळी तांब्याच्या तारेचा नंबर इमारतीबरोबर अडकून पडतो. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रावर ठेवलेलं एक्स्चेंज असेल, तर तोच नंबर त्याच दिवशी मालकाच्या मोबाइलवर वळवता येतो. दुकान गेलं तरी गिऱ्हाइकाला ठाऊक असलेला नंबर वाचतो, आणि धंदा पुन्हा उभा करायला तोच पहिला आधार असतो.

सही करण्याआधी

करारात 'एसएलए' नावाचा कागद असतो. सेवा किती वेळ चालू राहील, याची ती हमी. ९९ टक्के हा आकडा भारी वाटतो. पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सात तास बारा मिनिटं बंद. ९९.५ टक्के म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं, ९९.९ टक्के म्हणजे त्रेचाळीस मिनिटं. त्याहून जास्त बंद राहिलं तर भाड्यात सूट किती, हेही तिथेच लिहिलेलं हवं.

आणखी चार गोष्टी विचाराव्यात. हंटिंग चालू आहे का? अपलोडचा वेग किती? नंबर कोणाच्या नावावर आहे, आपल्या की बसवणाऱ्याच्या? आणि यंत्राचा मूळ पासवर्ड बदलला का? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला, तर चोर रात्री आत शिरून परदेशी फोन लावतात आणि बिल मालकाच्या नावावर येतं. परदेशी फोनची गरज नसेल तर आयएसडी बंदच ठेवावं.

१८५१ मध्ये जहाजाची बातमी आधी कुणाला कळते, यावर कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा नफा ठरत होता. आता सराफाचा फोन आधी कोणाकडे लागतो, यावर ठरतो. तेव्हा पुढचं कोटेशन आलं की नुसती मान डोलावू नका. वही काढा, फोन मोजा, आठनं भागा आणि मगच सही करा.